यात संख्येचे किती आणि दहाचे किती?



गणितावर बोलायला उभ्या राहिलेल्या वक्त्याची महाराष्ट्रात एक सोय आहे. ६१७४ एवढे म्हटले की निम्म्या सभागृहाला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात आणि उरलेल्यांना पाच मिनिटांत ते पटवून देता येतात. आज मी ती सोय वापरणार आहे. मात्र ६१७४ चे कौतुक करून थांबायचे, असा माझा बेत नाही. या संख्येला मला एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे: तुझ्या अंगी जो चमत्कार आहे, तो तुझा किती आणि आपण दहा-दहाचे गट करून मोजतो म्हणून तुला मिळालेला किती?

आधी प्रश्नाचा अर्थ नीट लावू. आपण 'तेहतीस' म्हणतो तेव्हा तीन दहा आणि वर तीन, असे म्हणतो. हा गट दहाचाच का? दोन हातांना बोटे दहा, याखेरीज त्याला गणिती कारण नाही. बाबिलोनच्या लोकांनी साठाचे गट केले, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी विसाचे. संगणक दोनाच्या गटांनी चालतो. आपल्याकडेही वीस नगांची कोडी होती. चलनात तर दोन वेगवेगळे गट एकत्र नांदत होते: बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. पाच आणे नऊ पै आणि तीन आणे सात पै यांची बेरीज करताना पैंचा हातचा बारावर धरायचा, आण्यांचा सोळावर; उत्तर नऊ आणे चार पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला कोणीही माणूस दिवसभर दोन निराळ्या पायांवर बिनचूक हिशेब करत होता.

या गटाच्या आकाराला आपण पाया म्हणू. पाया बदलला की संख्येचे लिखाण बदलते. बारा वस्तू दहाच्या पायात १२, आठाच्या पायात १४ (एक आठ आणि वर चार), बाराच्या पायात १०. वस्तू मात्र तेवढ्याच. मुलाने शाळा बदलली की त्याचा हजेरी क्रमांक बदलतो, उंची बदलत नाही. संख्येचे गुणधर्मही असे दोन जातींचे असतात. तेरा ही मूळ संख्या आहे, म्हणजे तेरा वस्तू समान रांगांच्या आयतात मांडता येत नाहीत. ही झाली उंची. कोणत्याही पायात तेरा मूळच. पण १२१ उलटसुलट सारखी वाचता येते, ही गोष्ट लिखाणावर अवलंबून आहे. आठाच्या पायात तीच संख्या १७१ म्हणून पुन्हा उलटसुलट सारखी निघते, नवाच्या पायात १४४ होते आणि गंमत संपते.

काही गुणधर्म मात्र या दोहोंच्या सीमेवर उभे असतात, आणि आजचा विषय तेच आहेत. शाळेतली नवाची कसोटी घ्या. अंकांच्या बेरजेला नवाने भाग जात असेल तर संख्येलाही जातो. हा नवाचा पराक्रम आहे का? नऊ ही दहाच्या एक पाठीमागची संख्या, एवढेच त्याचे भांडवल. दहाला नवाने भागले तर बाकी एक, शंभराला भागले तरी एक, हजारालाही एक; म्हणून प्रत्येक अंकाची बाकी त्याच्या स्थानिक किमतीकडे न पाहता थेट मिळवता येते. आठाच्या पायात हेच काम सात करतो. तिथे एकोणपन्नास ६१ असे लिहितात, आणि सहा अधिक एक सात. म्हणजे नवाची कसोटी दहाच्या पायातच राहते, पण 'पायाहून एकाने लहान संख्येची कसोटी' सगळीकडे चालते. पाया बदलल्यावर गुणधर्म गेला. त्यामागचे कारण मात्र हाती आले. माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आता कापरेकरांकडे वळतो. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. विद्यापीठातली जागा नाही, हाताखाली संशोधक विद्यार्थी नाहीत. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ सापडली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगभरच्या वाचकांना देवळालीचे नाव कळले. १९८६ मध्ये कापरेकर गेले.

कृती सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यांच्याच जन्मसालावर करून पाहू. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. पुन्हा तसेच करत जा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४, म्हणजे गाडी थांबली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे येते. कापरेकरांच्या जन्मसालाला पुऱ्या सात लागतात.

हे का होते? चार अंकांचे कारण जरा गुंतागुंतीचे आहे, म्हणून आधी तीन अंक घेऊ. तिथे ही जागा ४९५ ला मिळते आणि कारण तोंडी सांगता येते. तीन अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने. मधला अंक दोन्हीकडे तोच. एकंस्थानी लहान अंकातून मोठा वजा करायचा आहे, म्हणून दशकाकडून उसना घ्यावा लागतो. दशकस्थानी तोच अंक त्याच अंकातून जाणार, त्यात एक आधीच दिलेला, म्हणून तिथे नेहमी नऊ येतो. शतकस्थानी मोठ्या-लहान अंकांतला फरक, त्यातून एक कमी. सारे उत्तर फक्त त्या फरकावर ठरते. फरक एक ते नऊ एवढेच असू शकतात, म्हणून उत्तरेही नऊच: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१.

आता ही नऊ उत्तरे एकमेकांकडे कशी जातात ते पाहा. फरक नऊचा असेल तर उत्तर ८९१. तिथला फरक आठ. आठाचे ७९२, तिथला फरक सात. साताचे ६९३, फरक सहा. सहाचे ५९४, फरक पाच. पाचाचे ४९५, आणि तिथला फरक पुन्हा पाचच. एकेक पायरी उतरत आपण पाचावर येतो आणि तिथेच राहतो. खालच्या बाजूचे फरक एका वजाबाकीत वरच्या बाजूला उडी मारतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात.

मग पाच कोण? दहाचा निम्मा. हे ओळखले की ४९५ चे कोडे सुटते. पहिला अंक निम्म्याला एक कमी, मधला त्या पायातला सर्वांत मोठा अंक, शेवटचा निम्मा. आठाच्या पायात याच नियमाने ३७४ यायला हवी. तिथे ७४३ मधून ३४७ वजा करा. उसना आठाचा घ्यायचा हे विसरू नका. उत्तर ३७४. बाराच्या पायात हेच अंक ५, ११ आणि ६. दोनाच्या पायातही नियम मोडत नाही: ०११.

आणि पाया विषम असेल तर? नवाच्या पायात चला. नवाचा निम्मा पूर्णांकात नाही. पायऱ्या उतरत आपण फरक पाचावर येतो, उत्तर मिळते ४८४. त्यातला फरक चार, त्याचे उत्तर ३८५. त्यातला फरक पुन्हा पाच, आणि आपण परत ४८४ वर. चार आणि पाच यांच्या मध्ये, साडेचारावर, थांबायला जागाच नाही, म्हणून दोघांत येरझारा चालू राहतात. विषम पाया कोणताही घ्या, शेवट अशाच जोडीत होतो.

म्हणजे निकाल असा: ४९५ ही विशेष संख्या आहे, पण तिचे विशेषपण दहाच्या समपणातून आले आहे. दहा सम नसता तर कापरेकरांना तिथे एका संख्येऐवजी संख्यांची जोडी सापडली असती.

आता चार अंक. ६१७४ चा पायाशी काय संबंध? तिचे अंक नीट पाहा. दहाचे पाच भाग केले तर एक भाग दोनाचा. सहा म्हणजे असे तीन भाग. शेवटचा चार म्हणजे दोन भाग. दुसरा अंक एक, म्हणजे एका भागाला एक कमी. तिसरा सात, म्हणजे चार भागांना एक कमी. तीन अंकांत निम्म्याचे राज्य होते, चार अंकांत पाचव्या हिश्शाचे आहे. पाच हाच पाया घेतला तर एक भाग एकाचा आणि संख्या होते ३०३२. पाचाच्या पायात ३३२० मधून ०२३३ वजा करा, उत्तर ३०३२. पंधराच्या पायात एक भाग तीनाचा. तिथे अंक ९, २, ११, ६ असे येतात आणि तेही स्वतःशीच परततात. पाचाने भाग जाणाऱ्या प्रत्येक पायात ६१७४ चे असे एक भावंड आहे.

पण इथे एक मेख आहे. एखादी संख्या जागच्या जागी राहणे वेगळे आणि बाकी सगळ्यांनी तिच्याकडे येणे वेगळे. पाचाच्या पायात ते घडते: चारही अंक सारखे नसले की प्रत्येक संख्या शेवटी ३०३२ ला पोचते. टोकाच्या दोन अंकांतला आणि मधल्या दोन अंकांतला अशा फरकांच्या मोजक्या जोड्या हाताने तपासून संध्याकाळभरात खात्री करता येते. आता विसाच्या पायात या, कोडीच्या हिशेबात. वीस पाचाच्या पाढ्यात आहे, त्यामुळे भावंड आहेच: अंक १२, ३, १५, ८. पण विसाच्या पायात ७, १९, १९, १२ या अंकांची संख्या घेऊन निघा. पुढे अंक येतात १२, ६, १२, ८. मग ६, ३, १५, १४. मग १२, ७, ११, ८. मग ५, २, १६, १५. मग १४, ९, ९, ६. आणि त्यानंतर पुन्हा ७, १९, १९, १२. सहा संख्यांचे हे रिंगण त्या भावंडाकडे कधीच जात नाही. म्हणून दहाच्या पायात सगळ्या संख्या ६१७४ कडे जातात, हे गृहीत धरायची बाब नव्हे. ६१७४ स्थिर आहे याचे श्रेय दहाला पाचाने भाग जातो याला आहे. पण सगळे तिथे पोचतात, हे त्याहून खोलवरचे आहे आणि ते निराळे सिद्ध करावे लागते. दहाच्या पायातच राहिलो असतो तर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानातही आले नसते.

कापरेकरांनी दिलेली आणखी दोन कुळे याच कसोटीला लावू. एक हर्षद संख्यांचे. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. बारा हर्षद आहे: एक अधिक दोन तीन, आणि तीनाने बाराला भाग जातो. मग अशी संख्या आहे का, की जी प्रत्येक पायात हर्षद राहील? आहेत, आणि त्या फक्त चार: १, २, ४ आणि ६.

कारण फार सुंदर आहे. कोणतीही संख्या तिच्या निम्म्याहून मोठ्या पण तिच्याहून लहान पायात लिहिली की पहिला अंक एक येतो आणि पुढे उरलेले. पाया एकेकाने कमी करत गेलो की अंकांची बेरीज दोन, तीन, चार अशी एकेकाने वाढत थेट संख्येच्या निम्म्यापर्यंत जाते. म्हणजे दोनापासून निम्म्यापर्यंत प्रत्येकाने त्या संख्येला भाग गेला पाहिजे. एकाच्या पुढच्या विषम संख्या पहिल्याच पावलाला, दोनापाशी, बाद होतात. सम संख्येत निम्म्याच्या एक अलीकडची संख्या घ्या. तिची दुप्पट केली की मूळ संख्येला दोन कमी पडतात, म्हणून भाग जायचा तर तिने दोनालाही भाग गेला पाहिजे. सहाच्या पुढे ते शक्य नाही. बाराचे उदाहरण पाहा: तिला दोन, तीन, चार, सहा यांनी भाग जातो; मध्ये पाच आडवा येतो. बेरीज पाच येते ती आठाच्या पायात, १४ मध्ये. आणि खरोखर बारा ही संख्या आठ सोडून सगळ्या पायांत हर्षद आहे.

दुसरे कूळ स्वयंभू संख्यांचे. एकवीसमध्ये तिचे अंक मिळवले की चोवीस. एकवीस झाली चोवीसची जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२ अशा. देवळालीहून १९६३ मध्ये कापरेकरांनी यांच्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. दहाच्या पायात या संख्या विरळ आणि लहरी वाटतात. विषम पायात गेलो की रंगच उतरतो. तिथे एकं, त्यापुढचे स्थान, त्याच्याही पुढचे, सर्वांच्या किमती विषम. म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज एकतर दोन्ही सम नाहीतर दोन्ही विषम, आणि दोघांची मिळवणी कायम सम. साहजिकच कुठल्याही विषम संख्येला जनक मिळत नाही. सगळ्या विषम संख्या फुकटात स्वयंभू. स्वयंभूपणाला मोल आहे ते सम पायात. कुठला प्रश्न कुठल्या पायात विचारण्याजोगा आहे, हेही पाया बदलल्यावरच कळते.

आता या सगळ्यावरच्या मोठ्या आक्षेपाकडे येतो. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनांचे हार्डी, यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात दोन संख्यांचा दाखला दिला: ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. दोन्ही आपापल्या उलट्या संख्येच्या पटीत, आणि चार अंकी संख्यांत अशा या दोनच. हार्डींचे म्हणणे असे, की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला यात घेण्यासारखे काही नाही. यातून फारसे व्यापक असे काही निघत नाही. कापरेकरांच्या कामाकडे नाक मुरडणाऱ्यांचा युक्तिवाद बहुतांशी हाच होता.

हार्डींशी मी अर्धा सहमत आहे. नुसते '९८०१ ही १०८९ ची नऊपट' हे खरेच एक फुटकळ निरीक्षण आहे. पण तेच आठाच्या पायात विचारून पाहा. तिथे १०६७ ची सातपट ७६०१. बाराच्या पायातही हेच होते, सातात होते, तिनापासून पुढच्या प्रत्येक पायात होते. कारण ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग, आणि ९९ म्हणजे पायाच्या वर्गाला एक कमी. आठात ७७ चा वर्ग ७६०१ येतो तो याच सूत्राने. मग ८७१२ चे काय? आठाच्या पायात २१५६ ची तिप्पट ६५१२. दहात चौपट, आठात तिप्पट: पट येते ती पायाच्या निम्म्याला एक कमी. म्हणून हे भावंड फक्त सम पायांत दिसते. हार्डींनी शेजारी-शेजारी ठेवलेल्या या दोन संख्या एका जातीच्या नाहीत. एक सगळीकडे राहते, दुसरीला सम पाया लागतो. दहाच्या पायात बसून हा भेद कळायला काही मार्गच नव्हता.

म्हणून अंकांच्या गमतीला हसून सोडून देणारे आणि तिला चमत्कार म्हणून हात जोडणारे, दोघेही एकाच ठिकाणी थांबलेले आहेत असे मी म्हणतो. दोघांनीही दुसरा प्रश्न, म्हणजे पाया बदलला तर काय होते हा, विचारलेला नाही. कापरेकरांनी पहिला प्रश्न विचारण्याचे अवघड काम केले, तेही शाळेची नोकरी सांभाळून, कागदावर हाताने आकडे मांडून. दुसरा प्रश्न विचारायला फारसे साहित्य लागत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्गात ६१७४ दाखवाल तेव्हा तास तिथे संपवू नका. मुलांना म्हणा, आता पाचाच्या पायात करा. वजाबाकीत उसना घेणे म्हणजे नेमके काय, हे दहा वेळा समजावून जे कळत नाही ते उसना पाचाचा घ्यायला लागला की कळते.

जाता जाता एक गृहपाठ देतो. तीन अंकांत निम्मा दिसला, चारात पाचवा हिस्सा. दोन अंकांत काय? दहाच्या पायात हीच कृती दोन अंकी संख्यांवर केली तर एका जागी थांबणे नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असे पाचांचे रिंगण आहे. पण पाचाच्या पायात १३ ही संख्या जागची हलत नाही, आठाच्या पायात २५ हलत नाही. यात कोणता हिस्सा लपला आहे आणि तो कशाचा, हे शोधा. एक इशारा देऊन ठेवतो: पायाकडे पाहू नका, पायाच्या एक पुढच्या संख्येकडे पाहा. अकराच्या पायात अशी संख्या मिळते, बाराच्या पायात मिळत नाही. उत्तर सापडेल त्यांनी ते सतराच्या पायात ताळा करून पाहावे आणि मगच खरे मानावे.